थांबा-सरांविरुद्ध एक तक्रार

विमा कंपनीत तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. जळलेलं दुकान असो, ठोकलेली गाडी असो की गोदामात पाणी शिरून भिजलेला माल, क्लेम जरा वेडावाकडा वाटला की साहेब तिलाच पाठवत. ती जाई, दिलेला चहा घेई, मालकाचं रडगाणं शेवटपर्यंत ऐकून घेई आणि मग मालकाला तिथेच बसवून शेजारच्या दोघांना गाठी. दोघांचं बोलणं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर मालकाची धडगत नसे. ज्याच्यावर संशय त्याला सर्वांत शेवटी विचारायचं, हा तिचा धंद्याचा नियम होता. तो तिने हळूहळू घरालाही लावला होता.

घरात नवरा आणि एक मुलगी. नवरा पुढच्या खोलीत कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवत, त्यावर तो मेणाच्या हिरड्या चढवी, दात बसवी, घासून गुळगुळीत करी. "अख्खं टेबल माझ्याकडे बघून हसतंय," तो म्हणे, "आणि घरातलं एकच माणूस डोळे बारीक करून बघतं."

मुलीला घरी खारू म्हणत. लहानपणी ती सापडतील ते स्क्रू, बटणं, संपलेल्या बॅटऱ्या उशीखाली दडवून ठेवायची, तेव्हापासून. बारावीची परीक्षा संपली आणि तिने जाहीर केलं, की आपल्याला क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये काम करायचंय.

"कर की," बाप म्हणाला.

"त्यासाठी शिकायचं काय?" भिंगबाईने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये."

बाकी सगळ्यांना मात्र कळत होतं. मामा म्हणाला, कॉम्प्युटर घे, नावातच आहे. आत्याचं म्हणणं, भौतिकशास्त्राशिवाय तिथे कोणी दारात उभं करणार नाही. काकाने फोनवर सांगितलं, की ती यंत्रं अजून पाळण्यात आहेत, तोवर काहीतरी पोटापाण्याचं बघ. खारू प्रत्येकाचं ऐके, मान डोलवी आणि खोलीत जाऊन दार लावून घेई. अशात गावात एक नवी संस्था निघाली. तिच्या अभ्यासक्रमाच्या नावातच क्वांटम होतं. तीन वर्षांत पदवी, आणि पालकांसाठी इमारत पाहायला एक दिवस खुला. तिघंही गेली.

इमारत भिंगबाईच्या ओळखीची होती. तिथे पूर्वी फर्निचरचं दुकान होतं आणि त्याच्या एका क्लेमसाठी तिने त्याचा कोपरा न् कोपरा पाहिला होता. आता सगळीकडे पांढरा रंग आणि पायाखाली नवा गालिचा. दुसऱ्या मजल्यावर काचेची खोली. तिच्यात छताला टांगलेलं यंत्र : सोनेरी चकत्या एकीखाली एक, खाली लहान होत गेलेल्या, मधून बारीक नळ्यांची जाळी. झुंबरच म्हणायचं. पोरं फोन काढून फोटो घेत होती.

"अशी यंत्रं अवकाशापेक्षाही थंड असतात," संस्थेचे संचालक म्हणाले. गोरेगोमटे, हसतमुख, प्रत्येक पालकाचा हात दोन्ही हातांत घेणारे गृहस्थ.

खारूच्या बापाने काचेला तळवा लावला. "गार लागत नाही."

"काचेमुळे," संचालक हसून म्हणाले.

खारूने हात वर केला. "इथून बाहेर पडल्यावर मला नेमकं काय करता येईल? यंत्र बांधता येईल, चालवता येईल, की त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिता येईल?"

"सगळंच," संचालक म्हणाले.

"थांबा," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंतीला टेकून एक तरुण शिक्षक उभा होता. किडकिडीत, दाढी दोन दिवसांची, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. संचालकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने तोंड उघडलं होतं ते मिटलं, "काही नाही" असं पुटपुटला आणि बुटांकडे बघत राहिला.

भिंगबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. संचालकांच्या 'सगळंच'चं तिला काही वाटलं नाही. विकणारा माणूस असंच बोलतो, असली माणसं तिला रोज भेटत. पण बोलता बोलता शब्द गिळणारा, नजर चुकवणारा माणूस तिने फार वेळा पाहिला होता. बहुतेक वेळा त्याच्याच हातून आग लागलेली असे.

"तो कोण?" तिने जिन्यात संस्थेच्या एका शिपायाला विचारलं.

"थांबा-सर," तो म्हणाला. "काही विचारा, आधी थांबा म्हणतात."

त्यानंतर खारूची वागणूक बदलली. दुपारी ती "ग्रंथालयात जाते" म्हणून बाहेर पडू लागली. फोन टेबलावर पालथा ठेवू लागली. जेवताना तिचं लक्ष ताटात नसे, मध्येच एकटीच गालात हसे. त्या संस्थेत प्रवेश घ्यायचा की नाही, असं विचारलं की तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प बसे. "बघते," एवढंच. जी मुलगी आठवडाभर त्या झुंबराचे फोटो दाखवत हिंडत होती ती आता त्याचं नावही काढेना.

"काहीतरी पाणी मुरतंय," भिंगबाई नवऱ्याला म्हणाली.

"मग विचार तिला."

"विचारून कोणी खरं सांगतं का?"

नवऱ्याने हातातली कवळी दिव्यापुढे धरली. "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस, एवढंच माझं म्हणणं."

तिने एका दुपारी कामावरून लवकर सुट्टी घेतली. ग्रंथालयाच्या खाली कॉफीचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे चष्म्याचं. ती चष्म्याच्या दुकानात शिरली, एकेक फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात पाहू लागली. आरशात समोरच्या दुकानाची पूर्ण काच दिसत होती. काचेमागच्या टेबलाशी खारू बसली होती आणि तिच्यासमोर थांबा-सर.

तो कागदी रुमालावर पेनाने काहीतरी काढत होता. खारू कोपरं टेबलावर ठेवून पुढे झुकली होती. मग ती काहीतरी म्हणाली आणि दोघं हसायला लागली, चांगली खळखळून. इतक्यात दारातून कोणीतरी आत आलं. त्याबरोबर थांबा-सरांचं हसू विझलं. त्याने रुमाल घाईघाईने चुरगळून खिशात कोंबला आणि खांद्यावरून मागे पाहिलं.

"ही तुम्हाला शोभते," दुकानदार म्हणाला.

भिंगबाईने फ्रेम काढून ठेवली. पोरगी नुकती शाळेतून बाहेर पडलेली, हा तिशीचा बाप्या, आणि लपवालपवी. आणखी काय बघायचं राहिलं होतं?

खारूला काही न बोलता ती दुसऱ्या दिवशी थेट संचालकांकडे गेली. दार लोटून खुर्ची ओढली आणि आवाज न चढवता सांगितलं, की तुमचे एक शिक्षक विद्यार्थिनींना बाहेर एकटं भेटतात, माझ्या मुलीला भेटताना मी स्वतः पाहिलंय. संचालकांनी सगळं शांतपणे ऐकलं. एकही उलटा प्रश्न विचारला नाही. मग उठून तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमच्यासारखे जागरूक पालक हवेत," ते म्हणाले. "निर्धास्त राहा. आम्ही बघतो."

त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. आपल्या माणसाबद्दल वाईट ऐकून कोणाला बरं वाटतं, हा विचार तिच्या मनात जिना उतरताना येऊन गेला. पण तोवर काम झालं होतं आणि ती तशीच पुढे गेली.

खारूला ते दोन दिवसांनी कळलं. ती घरी आली, चपला काढल्या, आणि आईसमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी सपाट होता.

"थांबा-सरांना काढलं. पालकांची तक्रार आली म्हणे. तू केलीस?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"जे पाहिलं ते. कॉफीच्या दुकानात तो आणि तू, दोघंच."

"दोघंच नव्हतो," खारू म्हणाली. "माझ्या वर्गातली, पोस्टमास्तरांची मुलगी होती. वर पुस्तक परत करायला गेली होती. टेबलावर तीन कप होते, आई. तुला दिसले नाहीत?"

भिंगबाईला कप आठवले. तीन होते. तिसरा आधीच्या कोणाचा तरी राहिला असेल, असं तिने धरून चाललं होतं. क्लेमच्या कामात कोणी असं धरून चाललं असतं तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती.

"मग रुमाल का लपवला त्याने?"

"कारण संस्थेचा कारकून आत आला. सर आम्हाला सांगत होते की तिथे प्रवेश घेऊ नका." खारू आता खाली बसली. "ते यंत्र नुसता सांगाडा आहे. शिकवायला दोनच माणसं आहेत, त्यातले एक सर. ते म्हणाले, नावात क्वांटम असलेली पदवी शोधू नका. आधी एक मूळ विषय नीट शिका. गणित, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, काहीही. जे करताना कंटाळा आला तरी उठावंसं वाटत नाही, ते. नाव नंतर लागतं. मला तर गणितच घे म्हणाले. हे तिथे बोलता येत नव्हतं, म्हणून बाहेर भेटत होतो."

"आणि हसत काय होतात?"

 "ते चुकांबद्दल सांगत होते. त्या यंत्रातला एकेक घटक इतका नाजूक असतो, की तो चुकला का हे बघायला गेलं की बिघडतोच. म्हणून त्याला सरळ विचारत नाहीत. शेजारच्या दोघांचं एकमेकांशी जुळतंय का, एवढंच तपासतात, आणि त्यावरून चूक कुठे झाली ते काढतात. मी म्हटलं, आमच्या घरी आई हेच काम करते. त्यावर हसलो."

पुढच्या खोलीत पॉलिशचं चाक फिरत होतं ते बंद झालं. नवऱ्याने ऐकलं होतं, पण तो उठून आला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू चौकशी करायला गेली असतीस, आणि सरांची नोकरी गेली असती," खारू म्हणाली. "दुसरी मिळेपर्यंत त्यांना ती टिकवायची होती."

भिंगबाई पुन्हा त्या इमारतीत गेली. प्रवेशाबद्दल बोलायचंय म्हटल्यावर खालच्या मुलीने तिला वर सोडलं. काचेच्या खोलीला कुलूप नव्हतं. ती आत शिरली आणि यंत्राच्या मागे गेली, जिथून कोणी फोटो काढत नव्हतं. चकत्यांना बोट लावलं तर प्लॅस्टिक, वर सोनेरी मुलामा. नळ्या भिंतीपर्यंत जात होत्या आणि तिथे एका लाकडी फळीत खिळ्यांनी ठोकून संपत होत्या. विजेची एकच वायर, तीही वरच्या दिव्याची. एवढ्या थंडीसाठी पंप लागत असणार, पंप म्हटला की आवाज आला. इथे कागद पडला असता तरी ऐकू आला असता. पहिल्याच दिवशी हे तिच्या कानाला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी तिचं सगळं लक्ष दुसऱ्याच माणसाच्या बुटांवर होतं.

"दाखवण्यापुरती प्रतिकृती आहे ती," दारातून संचालक म्हणाले. "चालू आहे असं आम्ही कधीच म्हटलं नाही."

तिने आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं. 'अशी यंत्रं' म्हणाले होते.

"माझी तक्रार चुकीची होती," ती म्हणाली. "ती मागे घ्यायची आहे."

"तुम्ही मागे घ्याल हो. पण एका आईने मुलीबद्दल काळजी बोलून दाखवली आणि आम्ही लगेच पाऊल उचललं, हे तर घडलंच ना?" त्यांचं हसू तसंच होतं. "उद्या त्यांच्याबद्दल कोणी विचारलं, तर आम्हाला तेवढं सांगावं लागणारच."

तिला आता सगळं लख्ख दिसलं. या माणसाला थांबा-सरांना घालवायचंच होतं, पण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. सांगण्यासारखं कारण तिने स्वतःच्या पायांनी चालत आणून दिलं होतं.

थांबा-सर सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर राहत होता. दार त्याच्या बहिणीने उघडलं, साखळी न काढता. फटीतून एकच डोळा दिसत होता.

"काय काम आहे?"

"मी खारूची आई."

दार बंद झालं. भिंगबाई उभी राहिली. खालून कोणीतरी चाकात हवा भरत असल्याचा आवाज येत होता. आजवर ती कितीतरी दारांपुढे अशी उभी राहिली होती, पण कंपनीचं ओळखपत्र पुढे करून. आज पुढे करायला काही नव्हतं. आतून "थांबा" असं ऐकू आलं, थोडी बाचाबाची झाली आणि मग साखळी निघाली.

खोली लहान होती. ओट्यावर भांड्यांशेजारी एक जुनं मोजणीचं यंत्र उघडून ठेवलेलं. त्याने तिला स्टूल दिलं. बहीण दाराला पाठ लावून उभी राहिली, जशी काही पाहुणी पळून जाईल.

"तुम्ही काय पाहिलंत?" त्याने विचारलं.

"तुम्ही आणि माझी मुलगी. कागदी रुमाल. तीन कप."

"आणि सांगितलंत काय?"

"तुम्ही विद्यार्थिनींना एकटं भेटता."

"विद्यार्थिनींना," तो म्हणाला. "एकटं."

"ते दोन्ही शब्द माझे. मी पाहिलेले नव्हते."

"तुमचे शब्द आता याच्यामागे गावभर फिरणार," बहीण म्हणाली. "तुम्ही घरी जाऊन निवांत जेवाल."

  भिंगबाईने विचारलं, की दुसरीकडे कुठे प्रयत्न चाललाय.  ही बाई पुन्हा कुठे काय सांगून येईल, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटी म्हणाला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे. तिथे आधीच्या संस्थेकडे चौकशी करतात.

"मी तिथे जाऊन सांगते."

"तुम्ही गेलात की जास्तच संशय येईल. मीच धाक घालून पाठवलं म्हणतील."

"येईल," ती म्हणाली. "मलाही आला असता. तरी मला जाऊ द्या."

त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने खांदे उडवले.

ती एकटी गेली नाही. पोस्टमास्तरांकडे जाऊन आधी त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं, मग त्यांना आणि त्यांच्या मुलीला बरोबर घेतलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या एक बाई. बाहेर पंपांची घरघर इतकी चालू होती, की दार लावूनच बोलावं लागलं. भिंगबाईने काय दिसलं ते सांगितलं, आणि त्यात आपण पदरचं काय घातलं तेही. पोस्टमास्तरांच्या मुलीला प्रमुखबाईंनी वेगळं बाहेर नेऊन विचारलं. मग पुन्हा भिंगबाईसमोर येऊन बसल्या आणि डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला त्यांनी पाठवलंय?"

"नाही. ते नकोच म्हणत होते."

"तुमची मुलगी तुमच्याशी बोलते?"

"सध्या नाही."

बाईंनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, काही कळू दिलं नाही. भिंगबाई घरी आली ती अंग आंबून.

खारूचा अबोला हळूहळू सुटला. आधी मीठ दे, पंखा लाव इतपत, मग एकेक वाक्य. त्या काळात ती आणि पोस्टमास्तरांची मुलगी गावातली तीन जुनी कॉलेजं पाहून आल्या. संस्थेचा वर्ग भरला तो भरलाच. भिंगबाई आणि पोस्टमास्तरांनी ओळखीच्या पालकांना सांगून पाहिलं. काहींनी ऐकलं, बाकीच्यांना वाटलं यांच्या मुलींना प्रवेश मिळाला नसेल. काचेच्या खोलीवर तेवढी 'प्रतिकृती' अशी पाटी लागली, तीही काचेच्या खालच्या कोपऱ्यात. थांबा-सरांना प्रयोगशाळेत घेतलं. मागितली होती त्यापेक्षा खालची जागा, आणि तीही तात्पुरती. हे भिंगबाईला पोस्टमास्तरांकडून कळलं. त्याने किंवा त्याच्या बहिणीने काही कळवलं नाही, आणि तिनेही तशी अपेक्षा धरली नव्हती.

प्रवेशाची वेळ आली तेव्हा खारूने इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. मामाला वाटलं पोरगी घसरली, आत्याने फोनवर सुस्कारा सोडला. कॉलेजच्या भिंतींचा रंग उडालेला होता आणि प्रयोगशाळेतली निम्मी टेबलं डुगडुगत होती. पण प्रत्येक टेबलाशी कोणी ना कोणी डोकं खुपसून बसलेलं होतं. खारूने तेवढंच पाहिलं होतं.

एका संध्याकाळी ती बोटाला चटका घेऊन आली. बापाने मलम काढलं. सर्किटला डाग देताना हात घसरला म्हणाली, आणि एवढं करून ते सर्किट चाललंच नाही. नुसता आवाज येतो म्हणे, सिग्नल कुठे आणि गोंगाट कुठे तेच कळत नाही. उद्या पुन्हा उघडून बघणार होती. हे सांगताना ती तक्रार करत नव्हती.

"तुझे सर गणित घे म्हणाले होते ना?" भिंगबाईने विचारलं.

"म्हणाले होते. जमेल तुला, म्हणाले. जमलंही असतं." खारूने बोटावर फुंकर घातली. "पण हातात काही नसलं की मी पळते. ते म्हणाले होते तेच करून बघितलं, आणि उत्तर वेगळं आलं. त्यांना अजून सांगितलं नाहीये. त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन सांगावं म्हणते, शनिवारी."

बाप मलमाचं झाकण लावत होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं.

"तू येतेस?" खारूने विचारलं.

भिंगबाईच्या तोंडावर बरेच प्रश्न आले होते. किती वाजता, कोण कोण असणार, पोस्टमास्तरांची मुलगी बरोबर आहे का.

"नको," ती म्हणाली. "तू जा."